अल्ट्रासाऊंडने अर्क काढताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही विज्ञान महाविद्यालयाची छोटी प्रयोगशाळा चालवतो. हळद, मिरची, संत्र्याची साल, निंबोळ्या, सरकी, कधी पिशवीभर माती घेऊन लोक येतात. कोपऱ्यात गुणगुणणाऱ्या, अर्क काढायच्या स्टीलच्या अल्ट्रासाऊंड टाकीकडे बघून तेच तेच प्रश्न विचारतात. काही प्रश्न विद्यार्थ्यांचे, काही शेतकऱ्यांचे, काही शेतकरी गटांतल्या पोरांचे. ज्या क्रमाने आठवले त्या क्रमाने लिहिले आहेत.

"हे पोट पाहाची मशीन हाय का जी?"

नाही. पण प्रश्न रास्त आहे, कारण आपल्याकडे अल्ट्रासाऊंड म्हटलं की सोनोग्राफीच आठवते. ही टाकी पहिल्यांदा आली तेव्हा खोक्यावरचं नाव वाचून टेम्पोवाल्याने "याची परवानगी काढली का?" असं घाबरत विचारलं होतं. दोन्हीकडे ध्वनी असतो, आणि तोही माणसाला ऐकू न येणारा, म्हणजे सेकंदाला २०,००० कंपनांच्या वरचा. सोनोग्राफीत तो लाखो कंपनांचा आणि सौम्य असतो, परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून चित्र बनतं. आमच्या टाकीत तो २० ते ४० हजारांच्या आसपास असतो आणि ताकदीने द्रवात घुसतो. तिला पडदा नाही, चित्र नाही. तिचं काम घुसळण्याचं आहे.

अर्क काढायचाच कशाला? हळद सरळ मशीनमध्ये का टाकत नाही?

कारण मोजणाऱ्या मशीनला द्रावण लागतं, तेही गाळलेलं. धूळवडीच्या आदल्या रात्री पळसाची फुलं गरम पाण्यात घालून ठेवतो आणि सकाळी केशरी रंग उतरतो, तो अर्कच. फरक एवढाच की धूळवडीला रंग अर्धा उतरला तरी चालतं. प्रयोगशाळेत तो जवळपास पूर्ण उतरावा लागतो, आणि किती उतरला हे सांगताही यावं लागतं. फुलात उरलेला रंग आमच्या हिशोबात चूक म्हणून धरला जातो.

नुसत्या आवाजाने अर्क निघतो म्हणजे नेमकं काय होतं?

विहिरीचं पाणी खाली गेलं की मोटरपंप कसा खडखडतो, ते आठवा. आत गोटे फिरल्यासारखा आवाज येतो. पुढे पंप उघडला तर इंपेलरवर मुंग्यांनी खाल्ल्यासारखे खड्डे दिसतात. गोटा एकही नसतो. दाब एकदम कमी झाल्याने पाण्यात बुडबुडे उठतात, दाब वाढला की ते फुटतात आणि धातूचे कण उडवतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. जहाजांचे पंखे असेच झिजायचे, त्यावरून लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये कोसळणाऱ्या बुडबुड्याचं गणित मांडलं.

शेतकऱ्याचं नुकसान करणारी ही गोष्ट आम्ही मुद्दाम घडवतो. टाकीच्या तळाला पिझोइलेक्ट्रिक चकत्या चिकटवलेल्या असतात. वीज दिली की त्या आकुंचन-प्रसरण पावतात, म्हणजे थरथरतात. हा गुणधर्म पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवला. थरथरीने द्रवात आळीपाळीने ताण आणि दाब तयार होतो. ताणात बारीक बुडबुडे उठतात, काही फेऱ्यांत फुगतात आणि मग आतल्या बाजूला कोसळतात. कोसळताना त्या सूक्ष्म जागी, क्षणाच्या बारक्या हिश्शात, हजारो अंश तापमान आणि शेकडो वातावरणांचा दाब तयार होतो. जागा इतकी लहान की भोवतालचं द्रावण कोमटच राहतं.

अर्कासाठी त्याहून महत्त्वाचं काय, तर बुडबुडा हळदीच्या कणाजवळ असला तर तो सगळ्या बाजूंनी सारखा कोसळत नाही. कणाच्या दिशेने द्रवाची सुईसारखी धार सुटते. पेशीची भिंत फाटते, भेगा पडतात, द्रावक आत शिरतं, आतलं बाहेर येतं. भोवती अडकलेला थरही सतत ढवळला जातो. म्हणजे रसायन काही नवीन नाही, भिजवण्याचंच आहे. फक्त दार उघडायला लागणारा वेळ वाचतो.

मग सॉक्सलेट काय वाईट?

काहीच वाईट नाही. फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी दुधातली स्निग्धता मोजायला १८७९ मध्ये ते काचेचं, द्रावक उकळून पुन्हा पुन्हा नमुन्यावर टाकणारं उपकरण मांडलं आणि आजही कोणतीही नवी पद्धत त्याच्याशीच ताडून बघतात. पण त्याला अनेक तास लागतात, मातीसारख्या नमुन्याला तर १६ ते २४. द्रावक जास्त लागतं, कंडेन्सरला सतत पाणी लागतं. मे महिन्यात नळाला दोन दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात सतत वाहता नळ कुठून आणायचा? शिवाय उकळत्या द्रावकात तासन्‌तास राहिलेले नाजूक पदार्थ बिघडतात. निंबोळीतलं कीड आवरणारं ॲझाडिरॅक्टिन उष्णता आणि उजेड दोन्ही सहन करत नाही. तिथे अर्ध्या तासाचं, कोमट तापमानातलं अल्ट्रासाऊंड सरस ठरतं.

बाथ घ्यावा की प्रोब?

बाथ म्हणजे पाण्याची टाकी, तिच्यात फ्लास्क सोडायचे. ध्वनी पाण्यातून आणि काचेतून नमुन्यापर्यंत पोहोचतो, वाटेत बराच खर्चीही पडतो. एकावेळी सहा-आठ नमुने बसतात. प्रोब म्हणजे टायटॅनियमच्या मिश्रधातूची दांडी, ती थेट नमुन्यात बुडवायची. ताकद कित्येक पट, वेळ मिनिटांचा, पण एकावेळी एकच नमुना. टोक झिजून धातूचे कण अर्कात उतरतात, म्हणून धातू मोजायचे असतील तर जरा विचार करा. दर नमुन्यानंतर टोक धुतलं नाही तर पहिल्याची मिरची दुसऱ्याच्या हळदीत सापडते.

ग्रामीण महाविद्यालयाला आमचा सल्ला बाथचा. प्रोब त्याच्या कित्येक पट महाग पडतो, आणि दिवसाला वीस नमुने असतील तर कंटाळा आणतो.

चष्म्याच्या दुकानातली चष्मे धुवायची छोटी मशीन चालेल?

शिकवायला चालेल. अहवाल द्यायला नाही.

बाथ नीट काम करतोय हे कसं ओळखायचं?

पोळ्या गुंडाळायच्या ॲल्युमिनियम फॉइलने. टाकीच्या मापाचा तुकडा पाण्यात उभा धरा, हाताने नव्हे, चिमट्याने किंवा तारेला अडकवून. मिनिटभर टाकी चालवा आणि तुकडा उजेडासमोर धरा. जिथे बुडबुडे जोरात फुटतात तिथे टाचणीची भोकं आणि सुरकुत्या दिसतात, बाकी जागा कोरी राहते. हा तुमच्या टाकीचा नकाशा. तो कधीच सारखा नसतो, कारण लाटा एकमेकींत मिसळून ठरावीक पट्टे तयार होतात.

आम्ही हा धडा उशिरा शिकलो. एकाच पोत्यातल्या हळदीचे सहा फ्लास्क ठेवले, आणि कोपऱ्यातले दोन दर वेळी कमी आकडा द्यायचे. आधी विद्यार्थ्यांवर शंका घेतली, मग तराजूवर, मग पिपेटवर. शेवटी फॉइल लावली तर त्या कोपऱ्यात एक भोक नव्हतं. तिथली चकती निकामी झाली होती. पोरांची माफी मागितली. आता फ्लास्क कुठे ठेवायचे त्या खुणा टोपलीवरच केल्या आहेत, आणि दर महिन्याला फॉइल लावून तारीख घालून वहीत चिकटवतो.

फ्लास्क तळावर टेकवू नका, टोपलीत लटकते ठेवा. आतल्या द्रवाची पातळी बाहेरच्या पाण्याच्या जरा खाली असावी. जाड प्लास्टिकच्या नळ्या ध्वनी शोषतात, काच वापरा. आणि टाकीत नवं पाणी भरलं की नमुने घालण्याआधी पाच-दहा मिनिटं ती नुसत्या पाण्यावर चालवा. पाण्यात विरघळलेली हवा आधी निघून गेली पाहिजे, नाहीतर बुडबुडे कोसळायच्या ऐवजी गादीसारखे दबतात.

विहिरीचं पाणी टाकीत चालेल का?

आपल्याकडचं पाणी जड. टाकीच्या तळावर पांढरी खपली धरते आणि ध्वनी अडतो. डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी घाला, भांड्याच्या साबणाचे एक-दोन थेंब टाका, रोज बदला.

द्रावक कोणतं वापरायचं?

ज्याचा अर्क काढायचा, त्याचा स्वभाव आधी बघा. जोराने फरक पडत नाही, जुळण्याने पडतो. हळदीतलं कुर्क्युमिन, म्हणजे तिचा पिवळा रंग, पाण्यात जवळपास विरघळत नाही, इथेनॉलमध्ये छान विरघळतं. भिवापुरी मिरचीतलं तिखट कॅप्सेसिनही इथेनॉल किंवा ॲसिटोनायट्राइलमध्ये उतरतं. मिरचीचा तिखटपणा बियांमध्ये नसून बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटतात त्या गरात असतो, म्हणून मिरची अख्खी दळायची, निवडून नाही. सरकीतल्या गॉसिपॉल या विषारी पदार्थाला पाणी मिसळलेलं ॲसिटोन लागतं. भंडारा-गडचिरोलीकडच्या लाखोळी डाळीतलं ओडीएपी हे विषारी अमिनो आम्ल, ते पाण्याच्या बाजूचं. त्याला पाणी मिसळलेलं इथेनॉल द्या. हेक्झेनमध्ये दिवसभर थरथरवलं तरी हाती तेलच येईल.

संत्र्याच्या सालीचं मात्र वेगळं. तिच्यातलं हेस्पेरिडिन पाण्याला दाद देत नाही, मिथेनॉलमध्येही बेताचंच विरघळतं, म्हणून द्रावक सढळ घ्यावं लागतं. आणि सालीचा वास, म्हणजे लिमोनीन, हवा असेल तर अल्ट्रासाऊंडच्या नादी लागू नका. साल उन्हात वाळवतानाच तो उडून जातो. ताज्या सालीचं वाफेने ऊर्ध्वपातन करा.

हळदीतलं कुर्क्युमिन तुम्ही कसं काढता, सविस्तर सांगा.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. वायगावची हळद समुद्रपूर तालुक्यातली, तिला भौगोलिक मानांकन आहे, आणि आपल्या हळदीत कुर्क्युमिन किती हे प्रत्येकालाच कागदावर हवं असतं.

पोत्याच्या वरून, मधून, तळातून मिळून अर्धा किलो हळकुंड घेतो, फोडून दळतो, ६० मेशच्या (इंचाला ६० भोकांच्या) चाळणीतून गाळतो. चाळणीवर राहिलेलं फेकत नाही, पुन्हा दळतो. फेकलं तर कठीण भाग वगळला जातो आणि आकडा फुगतो. त्याच पुडीतली थोडी वेगळी घेऊन ओलावा मोजतो, कारण पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात तीच हळद वेगळी वजन देते.

मग ०.२ ग्रॅम पूड, ५० मि.ली.चा फ्लास्क, साधारण ४० मि.ली. इथेनॉल. भोवती फॉइल गुंडाळायची, कारण कुर्क्युमिन उजेडात फिकं पडतं. बाथमध्ये ३० मिनिटं, पाणी ४० अंशांच्या आत, दर दहा मिनिटांनी फ्लास्क हलवायचे आणि जागा बदलायच्या. बाहेर काढून थंड होऊ द्यायचं आणि मगच खुणेपर्यंत इथेनॉल भरायचं. गरम असताना भरलं तर थंड झाल्यावर पातळी खाली उतरते आणि हिशोब चुकतो. सेंट्रिफ्यूज करून वरचं निवळ घ्यायचं, त्यातलं १ मि.ली. पुन्हा ५० मि.ली. करायचं, आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ४२५ नॅनोमीटरला शोषण, म्हणजे त्या रंगाचा उजेड अर्क किती गिळतो ते, बघायचं. ४ टक्के कुर्क्युमिनच्या हळदीला हे शोषण ०.५ च्या आसपास येतं, म्हणजे मोजायला सोयीचं.

स्पेक्ट्रोफोटोमीटर तिन्ही कुर्क्युमिनॉइड, म्हणजे कुर्क्युमिन आणि त्याची दोन भावंडं, एकत्र मोजतो. ती वेगवेगळी हवी असतील तर अर्क ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरने गाळून एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणाऱ्या मशीनवर, पाठवावा लागतो.

एक बारीक गोष्ट. काचेला साबण किंवा सोडा राहिला तर अर्क लालसर होतो. हळदीत चुना घालून कुंकू करतात तेच हे. लाल झालेला अर्क मोजू नका, ओतून टाका.

तीसच मिनिटं का? तासभर ठेवलं तर जास्त निघेल ना?

ठेवून बघा, पण मोजून. १०, २०, ३०, ४५ मिनिटांचे चार फ्लास्क लावा. आकडा वाढत वाढत एका जागी टेकतो. तिथे थांबायचं. पुढे एक तर काही होत नाही, नाहीतर तो घसरू लागतो. दुसरी खात्री चोथ्याची: अर्क काढून उरलेला चोथा नव्या द्रावकात पुन्हा अल्ट्रासाऊंडला लावा. दुसरा अर्क पिवळाधम्मक आला तर पहिला अपुरा होता. अशा वेळी वेळ वाढवण्यापेक्षा दोनदा काढून दोन्ही एकत्र करणं जास्त कामाचं.

मे महिन्यात काय करता?

घाम पुसतो. पंचेचाळीस अंशांच्या दुपारी टाकीतलं पाणी सुरुवातीलाच ३५ च्या पुढे असतं आणि अल्ट्रासाऊंड स्वतःच ते आणखी तापवतं. पुस्तकात "खोलीच्या तापमानाला" लिहिलेलं असतं. ती खोली आपल्याकडची नसावी. डायक्लोरोमिथेन ४० अंशांना उकळतं, ईथर ३५ च्या खालीच. ॲसिटोन ५६, मिथेनॉल ६५, हेक्झेन ६९, इथेनॉल ७८. म्हणजे पहिली दोन द्रावकं उन्हाळ्यात आमच्या कपाटातच खदखदायला टेकलेली असतात. ती आम्ही मार्च ते जून उघडतच नाही.

बाकी द्रावकांसाठी सकाळी सातला काम सुरू करतो, टाकीत बर्फाच्या पिशव्या सोडतो, थर्मामीटर लावून दर पाच मिनिटांनी वहीत लिहितो. बर्फ रसवंतीवाल्याकडून येतो. फार थंडही करू नये, द्रावक घट्ट झालं तर विरघळणं मंदावतं. पण खरा मुद्दा असा: जानेवारीतला २० अंशांचा अर्क आणि मेमधला ५० अंशांचा अर्क एकाच तक्त्यात मांडू नका. दोन हळदींची तुलना करायला जाल आणि दोन ऋतूंची करून बसाल.

मधेच लाइन गेली तर?

तो फ्लास्क बाद, नव्याने वजन. वीस मिनिटं आधी, दहा मिनिटं नंतर, अशी बेरीज चालत नाही, कारण मधल्या तासभर पूड भिजतच असते. साध्या इन्व्हर्टरवर टाकी चालवू नका, शुद्ध साइन वेव्हचा हवा.

अल्ट्रासाऊंडने पदार्थच तुटला तर?

तुटू शकतो. पाण्यात बुडबुडे कोसळताना पाण्याचेही रेणू फुटून हायड्रॉक्सिल मूलकं तयार होतात, आणि ती फार खादाड. कमी वारंवारतेला, कमी वेळात, अल्कोहोलसारख्या द्रावकात हा त्रास कमी. पण ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकं जपून हाताळावी लागतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मातीसाठीच्या ३५५०-सी या अल्ट्रासाऊंड पद्धतीतही ही शंका नोंदवलेली आहे. शुद्ध पदार्थाचं माहीत असलेलं द्रावण एकटंच टाकीत ठेवून आधी-नंतर मोजा. कमी झालं तर पदार्थ तुटतोय.

"आमच्या संत्र्यात औषध किती उरलं, सांगता का?"

कारंजा-आर्वीकडचे बागायतदार हे विचारतात. इथे खरं सांगतो: त्यासाठी बहुतेक ठिकाणी २००३ मध्ये मांडलेली क्वेचर्स पद्धत वापरतात. वाटलेलं फळ, ॲसिटोनायट्राइल, क्षार, आणि जोरात हलवणं. मऊ, रसाळ फळाला अल्ट्रासाऊंडची फारशी गरज नसते. आणि शेवटी लागणारं मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंच्या वजनावरून औषध ओळखणारं मशीन, आमच्याकडे नाही. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच पाठवा.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाल्या, तेव्हापासून आणखी एक प्रश्न येतो: शर्टावर किती बसतं? कापडाला अल्ट्रासाऊंड चांगलं लागू पडतं. ठरावीक मापाचा तुकडा कापून द्रावकात सोडला की धाग्यांमधलं निघून येतं. मात्र प्रोफेनोफॉससारखं औषध ऑर्गॅनोफॉस्फरसच आहे, तेव्हा वरची चाचणी आधी. आणि उत्तर येण्याची वाट न बघता, तो शर्ट घरच्या धुण्यात टाकणं आधीच बंद करा.

मातीचं कसं?

काळी माती चिवट. चिकणमातीत पदार्थ घट्ट बसतात आणि ओली असेल तर गोळा होऊन बुडबुड्यांना आत शिरू देत नाही. वर सांगितलेल्या ३५५०-सी पद्धतीत ३० ग्रॅम माती निर्जल सोडियम सल्फेटने भुरभुरीत करून, प्रोबने, थांबून-थांबून ध्वनी देत तीन वेळा काढतात. साध्या बाथवर तेवढी अपेक्षा ठेवू नका.

आलेला आकडा खरा कशावरून?

मशीनवरून तर नाहीच. नमुन्यात माहीत असलेलं प्रमाण आपणच मिसळायचं आणि ते परत सापडतं का बघायचं. समजा तुरीत एका औषधाचे किलोला ०.०४ मिलिग्रॅम सापडले. त्याच तुरीत किलोला ०.१० मिलिग्रॅम मुद्दाम घातलं आणि पुन्हा सगळी पद्धत केली तर ०.१३ आले. ०.१३ मधून ०.०४ वजा, उरले ०.०९, म्हणजे घातलेल्याच्या ९० टक्के परत मिळाले. कीटकनाशक अवशेषांच्या कामात सरासरी ७० ते १२० टक्के परतावा साधारणपणे मान्य असतो.

यात एक पळवाट आहे. वरून ओतलेलं औषध कणावर वर-वर बसतं, ते सहज सुटतं. पिकाने महिनाभर आत मुरवलेलं तितकं सहज सुटत नाही. म्हणून ९० टक्के परतावा आला तरी चोथा पुन्हा काढून बघायचा, आणि जमेल तेव्हा एखादा नमुना सॉक्सलेटलाही लावायचा. शिवाय नुसतं द्रावक घेतलेला एक कोरा फ्लास्क प्रत्येक खेपेत असायलाच हवा. विद्यार्थी नेमका तोच विसरतात.

कानाला, हाताला काही होतं का?

प्रोब किंचाळतो. कानावर मफ लावा, त्याला पेटीत ठेवा. चालू टाकीत बोटं घालू नका, फॉइलचं काय झालं ते बघितलंत. टाकीत थेट कधीही ज्वालाग्राही द्रावक ओतायचं नाही, टाकीत फक्त पाणी. फ्लास्कचं बूच सैल ठेवा, खिडकी उघडी, आणि शेजारच्या टेबलावर कोणी चहा गरम करत नाही ना ते बघा. आमच्याकडे करत होते.

नमुना आणायचा तर कसा?

कागदी पिशवीत, सावलीत वाळवून, किमान अर्धा किलो. एका झाडाची दोन चांगली फळं नकोत, बांधावरची आणि मधली मिळून आणा. चिठ्ठीवर गाव, पीक, तोडणीची तारीख, शेवटच्या फवारणीची तारीख आणि औषधाच्या डब्यावरचं नाव लिहा. डबा आणू नका. खताच्या रिकाम्या पोत्यात भरून आणलेला नमुना आम्ही घेत नाही. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, सकाळी लवकर या.